खोटारडेपणाचा दाखला

हे कोणाला पटणार नाही. पैज लावून सांगतो, या तळ्याच्या काठावरच्या एकाही माणसाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याचं डोकं तपासून घ्यावं लागेल. मी तौनो निस्कानेन, वय एकोणऐंशी. अडतीस वर्षं लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक हाकलेला माणूस. माझं गाडी चालवायचं लायसन्स गेलं ते नजर गेली म्हणून नाही, छातीत कळ आली म्हणून नाही, दारूपायी तर नाहीच नाही. मी एक थाप मारली म्हणून गेलं. एकच. आणि तीही माझ्या चांगल्या थापांपैकी नव्हे.

हे मी कालेर्वोला सांगत होतो. कालेर्वो म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, सिल्वीचा, धाकटा भाऊ. शनिवारची दुपार, नोव्हेंबर, तळ्याच्या कडेला पापुद्र्यासारखा बर्फ धरायला लागलेला, आणि आम्ही दोघं म्हातारे त्याच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, वरच्या फळीवर उघडे बसलेलो. पूर्वी माझ्या पिकअपमधून मी यायचो. आता तो तीन किलोमीटर येऊन मला घेऊन जातो आणि परत सोडतो, आणि गाडीत बसताना माझ्या बाजूचा पट्टा लागला की नाही हे वाकून बघतो, एखादा टोपलीचं झाकण बघतो तसं. आमच्यातले, म्हणजे फिनलंडहून कॅनडात येऊन राहिलेले लोक सौनात बोलत नाहीत. बाहेरही बेताचंच बोलतात. त्या सगळ्यांच्या वाटचं देवाने मला दिलं असावं. बाहेरच्या खोलीत, बाकावर, कॉफीच्या मगाखाली मी एक कागद ठेवून आलो होतो. माझ्याच हातचा. 'मी खाली सही करणारा कालेर्वो, तौनो निस्कानेनला पन्नासहून अधिक वर्षं ओळखतो. तो अट्टल थापाड्या आहे. सदर दिवशी तो डॉक्टरांना जाणूनबुजून थाप मारत होता, तरी तो आजार समजू नये.' खाली एक रेघ. त्या रेघेवर त्याची सही पडली आणि कागद सोमवारच्या टपालात गेला, तर सरकार माझं प्रकरण पुन्हा उघडणार होतं. नाही पडली, तर लायसन्स नाही. लायसन्स नाही तर पिकअप नाही, आणि पिकअप नाही तर गावापासून अडतीस किलोमीटरवरचं हे घर नाही. मग गावातल्या वृद्धाश्रमातली एक खोली, जिच्या खिडकीतून फक्त गाड्या लावायची जागा दिसते. बघून आलोय ती. पलंगाला कठडे आहेत.

सुरुवात दिव्यापासून झाली. सप्टेंबरात थंडर बे शहरात गेलो होतो, करवतीला नवी साखळी घ्यायला. चौकात लाल दिवा लागला, थांबलो. मग हिरवा लागला. इथपर्यंत जगातल्या सगळ्या माणसांचं होतं तसंच माझं झालं. पण तो हिरवा, कसं सांगू, तो मला नुसता हिरवा दिसला. त्याच्या पोटात काही हुकूम असतो, तो आपल्याला काहीतरी कर म्हणतो, हेच त्या वेळी त्यातून गळून गेलं होतं. आतून उजेड लावलेल्या काचेच्या मण्यासारखा तो वर टांगलेला होता. अडुसष्ट सालच्या मे महिन्यात सिल्वी आमच्या लोकांच्या हॉलमध्ये नाचाला आली तेव्हा तिच्या गळ्यात अशाच रंगाचे मणी होते, आणि नाचताना त्यातला एक तिच्या हनुवटीला टेकायचा, आणि मी सबंध गाणंभर त्या एका मण्याकडे बघत होतो, कारण तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. हॉलमध्ये ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास होता. माझ्या बुटाच्या टाचेत खिळा वर आला होता आणि प्रत्येक गिरकीला टोचत होता, आणि वाटत होतं, टोचू दे, हे संपू नये. दिवा पिवळा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. मागे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, पण फार लांब, पाण्याखाली वाजवावा तसा. तिसऱ्या की चौथ्या हिरव्याला काचेवर टकटक झाली.

हे मण्याचं मी कालेर्वोला सांगितलं नाही. त्याला पुढचं सांगितलं.

"पोलीस होता. पोरगेलासा, मिशी उगवते की नाही अशी. म्हणाला, 'आजोबा, दिवा हिरवा आहे.' मी म्हटलं, 'दिसतोय मला. बदकीण पिल्लं घेऊन रस्ता ओलांडतेय, तिला जाऊ देतोय.' "

"सप्टेंबरात पिल्लं?" कालेर्वो म्हणाला.

"तेच तर! सप्टेंबरात पिल्लं आईएवढी झालेली असतात, हे शेंबडं पोर सांगेल. पण हा वाकला रे! गुडघे टेकून पिकअपच्या खाली बघितलं त्याने. म्हणाला, 'खाली काही नाही.' मी म्हटलं, 'मग गेली असतील. मॅनर्स असतात त्यांना, उगाच रेंगाळत नाहीत.' "

कालेर्वो हसला नाही. त्याने तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ वर आली, कानाच्या पाळ्या चावून गेली. मला वाटलं, हसायचं राहून गेलं असेल, उकाड्यात माणसाला एकेक गोष्ट उशिरा सुचते. पोलिसाने माझं नाव लिहून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, आजोबा, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, नाहीतर मला वर लिहावं लागेल.

डॉक्टर म्हणजे जोझियान. आमच्या रेजान पेल्तिएची मुलगी. रेजान आणि मी एकाच ट्रकवर आळीपाळीने बसायचो, तो फ्रेंचमध्ये शिव्या द्यायचा, मी फिनिशमध्ये, आणि गिअरबॉक्स दोन्ही ऐकायचा. ती पोर सात वर्षांची असताना माझ्यासारखा ऐकणारा मला जन्मात मिळाला नव्हता, म्हणजे तिच्यासारखा. मी तिला सांगितलं होतं की उणे चाळीसला ट्रकच्या दिव्यांचा उजेडच गोठतो, आणि मग मी पहारीने तो फोडून बाजूला रचतो, आणि वसंतात ते ढिगारे वितळले की जंगलात दिवसाढवळ्या चमकतं. तिचे डोळे असे व्हायचे की आपल्यालाच आपलं पटायला लागावं. एकदा सांगितलं, तळ्याच्या तळाला बूच आहे, आणि एप्रिलमध्ये सरकारी माणूस येऊन ते काढतो, जुनं पाणी सोडून नवं भरायला. तर ही दोन दिवस काठावर बसून राहिली, खिशात पाव घेऊन, सरकारी माणसाला माशांचं काय करणार ते विचारायला. न्यूमोनिया झाला तिला. सिल्वी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला मात्र, खरं सांगायचं तर, आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. दोन दिवस! एवढी लांब थाप या जिल्ह्यात कोणाची टिकली होती?

तर त्या जोझियानच्या समोर मी बसलो. तिने पाच शब्द सांगितले, ते मागून परत विचारणार म्हणाली. जनावरांची नावं सांगायला लावली. घड्याळ काढायला लावलं, पावणेचार वाजलेले. मी गोल काढला, आकडे मांडले, काटे काढले नाहीत. मुद्दाम. म्हटलं, "काटे घाईच्या माणसांना लागतात." ती हसली, पण लिहूनही घेतलं. पाच शब्द विचारले तेव्हा मी माझे पाच सांगितले, तिच्यापेक्षा सरस होते. मी मजा करत होतो, हे लक्षात घ्या. अडतीस वर्षं बर्फात साठ टनांचं धूड उतारावरून उतरवलेल्या माणसाला कोणी घड्याळ काढ म्हटलं तर त्याने मजा नाही तर काय करावं? मग तिने पेन खाली ठेवलं आणि सहज, पेशंट निघताना विचारतात तसं विचारलं, "घरी कोण असतं आता, काका?"

"सिल्वी," मी म्हटलं. "सूप करून ठेवलं असेल माशाचं, वर शेपू घालून. गार झालं की बोलणी मला खावी लागतात, तेव्हा आटप लवकर."

खोलीत एक छोटा पंखा होता, त्याचा आवाज मोठा झाला. सिल्वीला जाऊन हा तिसरा हिवाळा. तिच्या मरणाचा दाखला याच पोरीने, याच टेबलावर लिहिला होता, आणि मी समोर बसून सिल्वीच्या आईचं माहेरचं आडनाव अक्षर-अक्षर सांगितलं होतं. म्हणूनच तर ही थाप. ज्या माणसाला पक्कं माहीत आहे त्यालाच फसवायचं, त्यात कसब आहे. न जाणणाऱ्याला काय, कोणीही फसवेल.

"काका," ती म्हणाली, "सिल्वीकाकू गेल्या."

"कुठे?" मी विचारलं.

थाप लांबवायची तर हाच प्रश्न हवा. ज्याला येतं त्याला कळेल. तिथे हसलास तर मेलास, तिथे डोळेसुद्धा हलता कामा नयेत, आणि आतून एक खरा धक्का वर आणावा लागतो, विहिरीतून बादली आणावी तसा, हिंदकळू न देता. तो मी आणला. चांगला आला. इतका चांगला की माझे तळवे गार पडले आणि टेबलाची कड मला धरावी लागली, आणि जोझियान उठून माझ्या बाजूला आली, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग मी म्हटलं, "फसलीस!" आणि हसलो. ती म्हणते चार मिनिटांनी हसलो. असेल. मी मोजत नव्हतो. थाप मुरायला वेळ द्यावा लागतो.

"आणि तिला पटलं नाही," मी कालेर्वोला म्हटलं. "म्हणजे बघ, पटलं, म्हणून पटलं नाही. म्हणते, 'काका, मला आता कळवावं लागेल. वाहतूक खात्याला.' मी म्हटलं, 'माझ्या परवानगीशिवाय?' तर म्हणे, 'परवानगी लागत नाही. या प्रांताचा कायदाच तसा आहे. डॉक्टरला दिसलं की डॉक्टरने कळवायचं. दिसून गप्प बसले तर गुन्हा माझा.' मी म्हटलं, 'अगं बये, थट्टा होती ती!' तर म्हणे, 'काका, थट्टा होती की तुम्हाला खरंच तसं वाटत होतं, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.' रडत होती, आणि फॉर्म भरत होती. दोन्ही एकदम. बाप तसाच होता तिचा, रडत रडत टायर बदलायचा."

"मग?"

"मग काय, मी म्हटलं, यंत्र नाही तर साक्षीदार देतो. दार उघडलं. बाहेर बाकांवर आपलेच लोक. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं, 'मंडळी, खरं खरं सांगा. मी खोटारडा आहे की नाही?' "

आमच्या लोकांचं एक आहे. माणसाच्या पाठीमागे कॉफीच्या एका कपात त्याला बुडवून काढतील, पण तोंडावर, आणि तेही चारचौघांत, वावगा शब्द काढायचा म्हणजे यांची जीभ सोलवटते. मी दारात, माझ्या मागे लाल डोळ्यांची डॉक्टर. त्यांना वाटलं, या म्हाताऱ्यावर काहीतरी आळ आलाय. सगळे माझ्या बाजूने उभे राहिले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी आउने, ब्याऐंशी वर्षांची, तिने विणकाम मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे नाही, डॉक्टरकडे रोखून बघत म्हणाली, "कोण म्हणालं? या माणसाने उभ्या जन्मात कोणाला खोटं सांगितलेलं नाही." टायरच्या दुकानातला जिम होता. जिमचं तोंड उघडलं. मला केवढी आशा वाटली! गोठलेल्या उजेडाची गोष्ट जिमने स्वतः निम्म्या जिल्ह्याला सांगितलीय, माझ्या नावावर, शिव्यांसकट. "अहो, हा तर…" तो म्हणाला, आणि आउनेचं कोपर त्याच्या बरगडीत गेलं. त्याने गिळलं. "सज्जन माणूस," तो म्हणाला.

"आउने," मी ओरडलो, "मी तुला सांगितलं नव्हतं का, की चर्चमध्ये अस्वल शिरलं आणि तुझ्या ऑर्गनवर बसून त्याने भजन वाजवलं?"

"सांगितलंस ना," आउने म्हणाली. "तू सांगितलंस म्हणजे वाजवलंच असेल." आणि तिच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या मागे जोझियानने हळूच दार लावून घेतलं, आणि कुलपाचा तो 'टक्' अजून माझ्या दातांत आहे.

पत्र बारा दिवसांनी आलं. पातळ कागद, माझं नाव बरोबर, खाली कोणाचं नाव नाही. त्या दिवसापासून पिकअप अंगणात उभा आहे. मी त्यात बसत नाही. निग्रहाने बसत नाही, कारण मला आमच्या रस्त्यावरचा एमेली आठवतो. पंधरा वर्षांपूर्वी एमेलीचं लायसन्स असंच गेलं होतं, त्याला झटके यायचे. तो रोज सकाळी टोपी घालून आपल्या उभ्या गाडीत जाऊन बसायचा, रेडिओ लावायचा, दोन्ही हात चाकावर. मी रस्त्याने जाताना ब्रेक मारायचो, उतरायचो, त्याच्या खिडकीशी वाकून जाड आवाजात म्हणायचो, "फार जोरात चालवत होतात आपण. कागद दाखवा." कॉफीच्या दुकानात लोक टेबलं बडवायचे ही नक्कल बघून. पहिल्या वेळी एमेलीही हसला. पाचव्या-सहाव्या वेळी त्याने खरंच खिसे चाचपले. पाकीट काढलं, त्यातला रिकामा कप्पा मला दाखवला, आणि म्हणाला, "साहेब, घरी राहिलं असेल." मी ते दुकानात सांगितलं तेव्हा सगळ्यात मोठा हशा पडला. त्या रात्रीच्या जेवणाला सिल्वीने ताट माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली. आता दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहतो आणि पिकअपच्या काचेत ढग सरकताना बघतो, आणि कधीकधी पाय आपोआप क्लच शोधतो, फरशीवर. ते सिल्वीला दिसू नये म्हणून मी पाय मागे घेतो. दिसू नये म्हणायचो, असं म्हणायचंय मला.

"तर असं आहे," मी कालेर्वोला म्हटलं. "गावात एवढी माणसं, पण मला खोटारडा म्हणायला एकाची जीभ उचलत नाही. सभ्यपणाने मारलं मला. तू तेवढा उरलास. तू घरचा माणूस, तुला कसली भीड? सही ठोक आणि मोकळा हो."

बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीने त्याने सौनात झोडतात तशी आपली पाठ झोडून घेतली, सावकाश, एखादं काम उरकावं तसं. मग उतरला. मी मागोमाग उतरलो. बाहेरच्या खोलीत आमच्या अंगांमधून वाफ निघत होती. त्याने पंचा गुंडाळला, बाकावर बसला, कागदावरचा कॉफीचा मग उचलून बाजूला ठेवला. चष्मा लावला, त्यावर धुकं आलं, तो पुसला, परत लावला. कागद हातात घेऊन वाचला. ओठ हलवत वाचतो तो, शाळेत होता तसा. मी पेन पुढे केलं. ते त्याने घेतलं.

"अट्टल थापाड्या," तो म्हणाला. "हे बरोबर आहे. याला मी दहा सह्या देतो."

"एकच पुरे."

"बूच, बदक, उजेड, अस्वल. सगळं खरं. म्हणजे खोटं."

"मग लिही की रे बाबा! टपाल सोमवारी जातं."

पेनाचं टोक रेघेवर टेकलं. एक निळा ठिपका उमटला, मी बघितला, आणि त्या क्षणी मी मनातल्या मनात गिअर टाकलासुद्धा होता, अंगणातून बाहेर, डावीकडे, तळ्याच्या कडेकडेने. मग पेन वर उचललं गेलं. त्याने टोपण लावलं. ते नीट बसलं की नाही हे अंगठ्याने दाबून बघितलं.

"पण हे खालचं वाक्य खोटं आहे, तौनो."

"कुठलं?"

"त्या दिवशी थाप मारत होतास, हे." तो माझ्याकडे बघत नव्हता, कागदाकडेही नाही. आपल्या उघड्या पावलांकडे बघत होता. "नव्हतास. डॉक्टरकडे जायच्या आधी सकाळी तू माझ्या अंगणात आला होतास. हॉर्न वाजवलास. मी बाहेर आलो तर म्हणालास, 'सिल्वीला पाठव लवकर, उशीर होतोय.' तिथे डॉक्टर नव्हती, पोलीस नव्हता. कोणाला फसवणार होतास? मला? मी खांदा दिलाय तिला. मला काय बोलावं कळेना. म्हटलं, 'ती पुढे गेली, चालत.' तर म्हणालास, 'बरं, वाटेत घेतो.' आणि गेलास. काच खाली करून, मान बाहेर काढून, रस्त्याच्या कडेला बघत बघत, माणूस चालतो तेवढ्या वेगाने. वळणापर्यंत दिसत होतास मला. दोनदा थांबलास."